डावी पाकळी

मागल्या महिन्यात महाडात एका छोट्याशा समारंभात माझी ओळख करून देणाऱ्या गृहस्थांनी सांगितलं, की या मास्तरांनी ऐन तारुण्यात पोलादपूरच्या डोंगरातल्या एका वाडीची अंधश्रद्धा एका संध्याकाळात मोडून काढली. टाळ्या पडल्या. मी मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला. म्हाताऱ्या माणसाने मान खाली घातली की लोक विनयच समजतात, ही म्हातारपणाची एक सोय आहे. मला त्या वेळी सखाराम गुरव दिसत होता, आणि त्याच्याकडे बघायची माझी छाती नव्हती.

वाडीचं नाव सांगत नाही. तिथली माणसं आता मुंबई-पुण्याला पसरली आहेत आणि त्यांना मी अजून शहाणा वाटतो. तेवढं राहू द्यावं. उमरठच्या वाटेला लागून दोन ओढे ओलांडले की वर चढावं लागायचं, एवढं पुरे. स्वराज्याला सात-आठ वर्षं झाली होती. मी महाडच्या पेठेत वाढलेला, ट्रेनिंग करून नुकताच बाहेर पडलेला, तेवीस वर्षांचा मास्तर. खिशाला फाउंटन पेन, आणि जगात आपल्याला न कळणारं फारसं काही उरलेलं नाही अशी चाल. पहिलीच नेमणूक. शाळेला इमारत नव्हती. वाघजाईच्या देवळाच्या मंडपात शाळा भरायची. एका टोकाला माझी खुर्ची, दुसऱ्या टोकाला गाभारा, मधे तीसेक पोरं. आणि गाभाऱ्यात सखाराम.

सखाराम हा देवीचा गुरव, म्हणजे पुजारी. पन्नाशीचा, उंच, आणि देवळाच्या ठेंगण्या दारातून जन्मभर ये-जा केल्यामुळे असेल, उघड्यावरही थोडा वाकून चालणारा. गाभाऱ्यात शिरताना दोनदा खोकायचा. मी एकदा विचारलं, की घसा धरलाय का? तर म्हणाला, "नाय वो. आई आपल्याच नादात आसंल. एकदम आत शिरायचं बरं नाय दिसत."

पोरांच्या पाट्या जमिनीवर पडलेल्या असायच्या. त्या ओलांडून तो कधी गेला नाही. भिंतीच्या कडेकडेने, सागाच्या पानात फुलं घेऊन, अंग चोरत जायचा. पोरं एकोणतीसचा पाढा म्हणायला लागली की खांबाला टेकून उभा राहायचा आणि ओठ हलवायचा. त्याला बाराच्या पुढे पाढे येत नव्हते. पण एखादं पोर मधेच अडखळलं की त्याच्या कपाळाला आठी पडायची.

मला सुरुवातीला त्याची अडचण व्हायची ती सकाळच्या पूजेमुळे. तो देवीला रोज वाडीची बातमी सांगायचा, आणि मोठ्याने सांगायचा. कुणाची गाय व्याली, कुणाचं मुंबईहून पत्र आलं, कुणाच्या घरात भांडण झालं. एके दिवशी मी गणित घालत होतो आणि आतून स्वच्छ आवाज आला, "आई, मास्तराला काल दिवसभर जुलाब झाले. महाडचं मानूस, पानी बाधलं आसंल. बघ जरा." तीस पोरांनी एकदम माझ्याकडे बघितलं. त्या दिवशी गणित पुढे गेलं नाही. मी त्याला नंतर समजावलं, की गुरवबाबा, हे असं चारचौघांत बोलू नये. तो मनापासून ओशाळला. दुसऱ्या दिवशी त्याच आवाजात सांगितलं, "आई, कालचं मास्तराचं कुनाला बोलू नको."

बातमीच्या शेवटी रोज एक वाक्य असायचं. "यमीला सांग, जास्वंदीला कळे आलेत." किंवा, "यमीला सांग, तिच्या मायनं आज घावन केलेत." यमी ही त्याची कुणीतरी सासरी गेलेली मुलगी असेल आणि त्या गावीही देवीचं ठाणं असेल, अशी माझी समजूत होती.

वाडीत त्याचं महत्त्व मात्र पूजेमुळे नव्हतं, कौलामुळे होतं. कोकणात हे सगळ्यांना ठाऊक आहे, तरी सांगतो. माणसाला एखादी गोष्ट करावी की करू नये ठरत नसलं की तो देवीकडे यायचा. गुरव जास्वंदीच्या दोन ओल्या पाकळ्या देवीच्या दोन खांद्यांना चिकटवायचा आणि गाऱ्हाणं घालायचा: करायचं आसंल तर उजवी दे, नसंल करायचं तर डावी दे. मग सगळे गप्प बसायचे. पाणी सुकलं की एक पाकळी आधी गळायची. तोच देवीचा शब्द.

पण सखाराम पाकळ्या लगेच लावायचाच नाही. आलेल्या माणसाला समोर बसवायचा आणि सांगायचा, "केलंस तर काय व्हईल ते बोल. नाय केलंस तर काय व्हईल तेबी बोल. आई आर्ध ऐकत नाय." एकदा सोनू नावाचा तरणा गडी आला. मुंबईला गिरणीत जावं की नको? सखारामने त्याला बोलतं केलं. सोनू बोलला, थांबला, परत बोलला. म्हातारा बाप, दोन बैल, चाळीतला मामा, सगळं आलं. पोरं शाळा सोडून ऐकत होती, आणि मीही. शेवटी सोनू म्हणाला, की बाप हाय तोवर मन निघणार नाही. सखारामने पाकळ्या परत पानात ठेवल्या. "तुजं तूच बोललास की रे. आता आईला कशापायी तरास."

हे मला आवडलं होतं. तेव्हाही आवडलं होतं, हे नमूद करतो, कारण पुढे मी जे केलं ते अजाणतेपणी केलं असं कुणी म्हणू नये.

दुसरी गोष्ट धोंडूची. भाताचं बी पेरण्याआधी राब भाजतात, म्हणजे वाफ्यावर फांद्या-पाला पसरून जाळतात. त्यासाठी झाडावर चढून फांद्या तोडाव्या लागतात. धोंडू त्यात पटाईत होता. पण एका वर्षी ऐनाच्या झाडावरून पडला. हाड मोडलं नाही, पण मन मोडलं. झाडाला हात लावला की तो मागे सरायचा. दोन वर्षं त्याची बायको शेजाऱ्यांच्या मिनतवाऱ्या करून राब आणत होती आणि तो घरात तोंड लपवून बसत होता. मी त्याला फार समजावलं. तुझ्या अंगात ताकद आहे, पाय धड आहेत, भीती फक्त डोक्यात आहे, वगैरे. तो मान हलवायचा आणि झाडापासून लांब उभा राहायचा. शेवटी एका सकाळी बायकोने त्याला देवळात आणलं. कौल लावला. उजवी पडली. सखाराम म्हणाला, "ऊठ. कौल आईचा, पाय तुजा." हे त्याचं नेहमीचं बोलणं होतं. उजवा कौल मिळालेल्या प्रत्येकाला तो हे सांगायचा, म्हणजे देवीने हो म्हटलं म्हणून कुणी हातपाय गाळून बसू नये.

धोंडू त्याच दुपारी चढला. आम्ही खाली उभे होतो. वरून फांद्या पडायला लागल्या तेव्हा त्याची बायको पदरात तोंड घालून रडली. मी सखारामला म्हटलं, "बघा, ताकद त्याच्यातच होती."

"व्हतीच की," तो म्हणाला. "पन ती त्याला सांगनार कोन? तुमी दोन महिनं सांगत व्हतात. चढला का?"

वादात हरणं मला त्या वयात सोसत नसे.

सखारामची बायको पारूकाकी. मला भाकरी तिच्याकडून यायची. पहिल्याच पावसाळ्यात, ओटीवर भात निवडता निवडता, तिने मला यमीचं सांगितलं. यमी सासरी गेलेली नव्हती. पंधरा वर्षांची, लग्न ठरलेली, मी यायच्या आदल्या वर्षी गेली. दुपारपासून पोटात कळा. पोर वाकून गेली. दिवेलागणीला चार माणसं जमली, डोली बांधली, पोलादपूरला न्यायची आणि तिथून मिळेल त्या गाडीने महाडला डॉक्टरकडे. पण एवढ्या दुखण्यात पोर हलवावी की नको, यावर दोन तट पडले. सखारामने कौल लावला. डावी पडली. त्याने स्वतःच्या हाताने डोलीच्या दोऱ्या सोडल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी यमी गेली.

"मी लय रडले," पारूकाकी म्हणाली. "हे नाय रडले. म्हनाले, आईला तिला जवळ ठेवायची व्हती, ठेवून घेतली. तवापासनं रोज निरोप धाडत्यात तिला."

मग मला सकाळच्या बातमीतलं शेवटचं वाक्य कळलं. त्यानंतर ते वाक्य आलं की मी फळ्याकडे तोंड करायचो.

म्हणजे मला माहीत होतं.

आता माझ्या शहाणपणाकडे येतो. दिवसभर देवळातच बसल्यामुळे मी शेकडो पाकळ्या गळताना बघितल्या. आणि एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. दिवसा कौल उजवाही पडे, डावाही पडे. संध्याकाळी, दिवे लागल्यावर, नेहमी डावा. वाडीलाही हे अंधुक ठाऊक होतं. सखाराम स्वतःच सांगायचा, "व्हईल तवर दिवसा या. सांजेची आई रागीट आसती, कशाला हो म्हनत नाय." कारण मला सापडलं. संध्याकाळी मोठी समई लागायची, आणि ती देवीच्या डाव्या खांद्यापासून वीतभर अंतरावर असायची. तिच्या उष्णतेने डावी पाकळी आधी सुकायची. बस्स, एवढंच. मी हजेरीपटाच्या मागच्या पानावर खुणा करून ठेवल्या होत्या. मनातल्या मनात खूष होतो. पण बोललो नव्हतो; तेवढी लाज तोवर शिल्लक होती.

ती गेली शाळेच्या इमारतीपायी. वाडीने जागा आणि अंगमेहनत दिली तर लाकूड आणि पत्रे सरकारकडून मिळणार होते. जागा होती देवळामागच्या माळावरची, देवीची. माणसं दिवसभर शेतात, म्हणून पाटलांनी बैठक संध्याकाळी बोलावली. देवीची जागा म्हटल्यावर कौल आलाच. कौल लावला, डावी पडली, आणि लोक उठून घरी गेले. माझी वर्षभराची धडपड एका पाकळीबरोबर खाली पडली.

मी रात्रभर धुमसलो आणि सकाळी पाटलांकडे गेलो. म्हटलं, आज संध्याकाळी परत माणसं बोलवा, मला काही दाखवायचं आहे. पाटील बिचकले. म्हणाले, गुरवाला विचारा. मी सखारामकडे गेलो. त्याला वाटलं असतं तर तो नाही म्हणू शकला असता, आणि सगळी वाडी त्याच्या बाजूने उभी राहिली असती. तो म्हणाला, "बघा की मास्तर. आईला कुनाचं भ्या हाय?"

संध्याकाळी मंडप भरला. मी गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी उभा राहिलो आणि वर्गात बोलतो तसा बोललो. म्हटलं, आज देवीला साधा प्रश्न विचारू. मास्तर शहाणा आहे का? आहे तर उजवी, नाही तर डावी. सखारामने निमूट पाकळ्या लावल्या. डावी पडली. लोक हसले. मग मी समई उचलून देवीच्या उजव्या अंगाला ठेवली. गुरवाखेरीज त्या समईला कुणी हात लावत नसे. पुन्हा तोच प्रश्न. उजवी पडली. लोक आणखी हसले. समई परत डावीकडे, पाकळी डावी. परत उजवीकडे, पाकळी उजवी. आता कुणी हसत नव्हतं. सगळे समईकडे बघत होते. मी उष्णता, पाणी, वाफ असं सगळं सोपं करून सांगितलं. खरंच चांगलं सांगितलं. जन्मात इतका चांगला पाठ मी पुन्हा घेतला नाही.

सखाराम उकिडवा बसला होता. त्याने हळूच विचारलं, "हे सांजेलाच व्हतं, का दिवसाबी?"

"संध्याकाळीच. दिवसा समई नसते ना."

"मंग सांजेचे आजवरचे कौल..."

मला तिथे थांबता आलं असतं. त्याचा चेहरा माझ्यापासून दोन हातांवर होता. पण आपला विद्यार्थी उत्तराच्या अगदी जवळ आला आहे एवढंच मला दिसत होतं. मी म्हणालो, "सगळेच, गुरवबाबा. सगळेच समईचे."

पाठीमागे बायकांत पारूकाकी होती. ती उठून गेली. ती का उठली हे कळायला मला क्षण लागला, आणि कळल्यावरही मी बोलत राहिलो, कारण पाटील मान डोलवत होते. त्याच बैठकीत हात वर करून शाळेची जागा ठरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सखाराम पूजेला आला तेव्हा खोकला नाही. भिंतीच्या कडेने आत गेला, पाणी घातलं, फुलं वाहिली आणि बाहेर आला. वाडीची बातमी नाही. यमीला निरोप नाही. पोरं माझ्याकडे बघायला लागली. एका मुलीने विचारलं, "गुरुजी, गुरवबाबा आज आईसंगती बोलला नाय?" मी तिला पाढा म्हणायला सांगितलं.

चार दिवसांनी शाळा सुटल्यावर तो माझ्यापाशी आला. मी फळा पुसत होतो.

"मास्तर, ती समई आदी उजव्या अंगाला आसायची," तो म्हणाला. "माज्या बापापासनं. मी डावीकडं नेली. यमी ल्हान व्हती तवा उजवीकडं बसून फुलं निवडायची. परकर पेटंल म्हनून नेली."

मी पुसतच राहिलो.

"उजवीकडंच आसती तर उजवी पडली आसती त्या सांजेला. व्हय ना? मी नेली आसती तिला. महाडला वाचली आसती का वो?"

त्या वेळी खोटं बोलायला हवं होतं. पोटाचं दुखणं, डोंगरातली वाट, एवढा वेळ गेलेला. डॉक्टरांच्याही हातात काही नसतं, असं म्हणता आलं असतं, आणि कोण जाणे, ते खरंही असेल. पण नुकताच सत्याचा विजय केलेला माणूस मी. फळा केव्हाच पुसून झाला होता आणि मी फडकं फिरवतच होतो. तो गेला.

संध्याकाळी पारूकाकीने भाकरी आणून ठेवली. जाताना उंबऱ्यात थांबली. "मास्तर, तुमी खरं बोललात. मी कुठं नाय म्हनते? पन त्यांच्यापाशी तेवढंच व्हतं."

भाकरी मात्र तिने माझी बदली होईपर्यंत एक दिवस चुकवली नाही. शिव्या दिल्या असत्या तर मी तिचा आभारी राहिलो असतो.

उन्हाळ्यात शाळा उभी राहिली. सर्वांत जास्त दगड सखारामने वाहिले. तपासणीला आलेल्या साहेबांनी माझी पाठ थोपटली, शेऱ्याच्या वहीत चार ओळी लिहिल्या. सखारामने त्यानंतर कुणासाठी कौल लावला नाही. कुणी आलं तर म्हणायचा, "मला नाय येत." लोक माझ्याकडे यायला लागले. मी त्यांना दोन मिनिटांत उत्तर द्यायचो. अर्ध ऐकूनच द्यायचो, कारण मला उत्तरं येत होती. सामाईक बांधावरून दोन चुलतभाऊ भांडले, तेव्हा त्यांना समोरासमोर बसवून दोन्ही बाजू बोलायला लावणारं कुणी राहिलं नव्हतं. ते महाडच्या कोर्टात गेले आणि जन्माचे वैरी झाले. आणि त्या चैत्रात धोंडू झाडाखाली गेला, बुंध्याला हात लावला आणि परत आला. मी त्याला म्हटलं, "अरे, मागच्या खेपेस चढलास तो तुझ्याच ताकदीने चढलास. पाकळीत काही नव्हतं, सगळं तुझ्यात होतं." धोंडू म्हणाला, "ते तुमी सांगता, मास्तर." पुढे तो झाडावर चढला नाही.

माझी महाडला बदली झाली. निघताना सखारामचा निरोप घ्यायचा मी टाळला. पूजेच्या वेळीच निघालो.

त्यानंतर दहाएक वर्षं त्याची बातमी येत राहिली, तीही चेष्टेच्या सुरात. त्या बाजूचं कुणी बाजाराला आलं की सांगायचं, की गुरवाला खूळ लागलंय. वाडीत कुणाचं पोट दुखलं की तो डोली घेऊन दारात हजर. माणूस नको नको म्हणत असलं तरी उचलून नेतो. पाऊस असो, ओढ्याला पाणी असो, ऐकत नाही. बायका पोरांना दम द्यायच्या, की पोट दुखलं तर हळू रड, गुरव ऐकेल. लोक हसायचे. मीही हसल्यासारखं करायचो आणि विषय बदलायचो. दोन-तीन माणसं त्याच्यामुळे वाचली असंही कुणीतरी म्हणालं. हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. माझ्या बाजूने एवढं तरी जमेला धरावं, असं पुष्कळदा मनात आलं. पण त्याचा वाकलेला खांदा डोळ्यांपुढे आला की ते जमेला धरवत नसे.

शेवटचा तो मला दिसला महाडच्या दवाखान्याच्या ओसरीवर. सकाळची वेळ होती. मी कुणाला तरी भेटायला गेलो होतो. ओसरीच्या कडेला एक डोली टेकवून ठेवलेली, शेजारी साठी उलटलेला सखाराम, आणि डोलीजवळ आठ-नऊ वर्षांची एक मुलगी पाय हलवत बसलेली. ती धोंडूची. धोंडू आत औषध घ्यायला गेला होता.

"राम राम, मास्तर," त्यानेच आधी म्हटलं. "काय नाय निघालं. कैऱ्या खाल्ल्या व्हत्या पोरीनं."

मी त्याच्याशेजारी बसलो. इतक्या वर्षांत जे बोलायचं ठरवलं होतं त्यातलं एकही वाक्य आठवेना. मग जे तोंडात आलं ते बोललो.

"गुरवबाबा, त्या दिवशी माझं चुकलं होतं. मी नंतर पुष्कळ वाचलं. वीतभर लांबच्या समईने पाकळी सुकत नसते. तो नुसता योगायोग होता."

सखारामने माझ्याकडे वळून बघितलं. वर्गात मी चुकलेल्या पोराकडे बघतो तसा नाही. आजारी माणसाकडे बघावं तसा.

"आता कशाला खोटं बोलता?" तो म्हणाला. "मी कौल लावून बघितला ना. तुमी वाडीत व्हतात तवाच, शाळा सुटल्यावर, कुनी नसताना. समई उजव्या अंगाला ठेवली नि आईला त्याच सांजेचं गाऱ्हानं घातलं. यमीला महाडला न्यावी का, म्हनून. सात सांजा घातलं." मुलीच्या कपाळावर आलेले केस त्याने मागे सारले. "साती सांजा उजवी पडली, मास्तर. ने, म्हनाली."

धोंडू औषधाची बाटली घेऊन बाहेर आला. मुलगी डोलीत बसायला तयार नव्हती. मला चालता येतं, म्हणत होती, आणि ते खरंच होतं. सखारामने तिचं ऐकलं नाही. तिला उचलून आत बसवलं, पुढच्या बाजूने बांबूला खांदा दिला, मागून धोंडूने दिला, आणि दोघे एसटी स्टँडकडे निघाले. मी ओसरीवरून बघत राहिलो. रस्ता वळला आणि ऊन मुलीच्या तोंडावर आलं, तेव्हा तो थांबला, खांद्यावरचं उपरणं काढून त्या बाजूने डोलीला बांधलं, गाठ ओढून बघितली आणि पुन्हा चालू लागला.